अ‍ॅम्पची उत्तरपूजा

गुरुवारी सकाळी माझा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, घुंऽऽ करायला लागला. गिटार नुसती जोडली होती, तारेला अजून बोटही लावलं नव्हतं, तरी आतून घुंऽऽ. आवाज कमी केला तरी घुंऽऽ, वाढवला तरी घुंऽऽ. गिटार काढून घेतली तरी घुंऽऽ. शेवटी बटण बंद केलं, तर निरोप समारंभ होऊनही खुर्ची न सोडणाऱ्या साहेबासारखा तो आणखी चार सेकंद घुंऽऽ करत राहिला. मग थांबला. मी मात्र हादरलो, कारण शनिवारी माझा कार्यक्रम होता.

मी गिटार वाजवतो. असं सांगितल्यावर समोरचा माणूस 'बरं, पण करता काय?' असं विचारतो, त्याची मला सवय आहे. ऑर्केस्ट्रा, हळदी, संगीत, कंपन्यांची स्नेहसंमेलनं, नवरात्रीचे नऊ दिवस, जिथे बोलावतील तिथे मी वाजवतो. माझी जागा ठरलेली असते, गायकाच्या डाव्या खांद्याच्या मागे. माझ्याकडे शेकडो कार्यक्रमांचे फोटो आहेत आणि त्या सगळ्यांत माझा एक कान दिसतो. पण या शनिवारी बोरिवलीच्या नाट्यगृहात आमच्या ऑर्केस्ट्राचा पंचविसावा वर्धापन दिन होता, आणि ऑर्केस्ट्राचा मालक देवव्रत याला इतक्या वर्षांनी उपरती होऊन त्याने मला तीन मिनिटं एकट्याने वाजवायला दिली होती. पुढे येऊन. प्रकाशझोतात.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माझे सासरे येणार होते.

सासऱ्यांचं नाव धोंडिराम, मी त्यांना मामा म्हणतो. गिरणीत तीस वर्षं काढली, आता मुलुंडला मुलाकडे असतात, वय अठ्ठ्याहत्तर. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण मला वाजवताना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. ते आमच्याकडे चारकोपला येत तेव्हा दर वेळी मी अ‍ॅम्प उघडून, हातात सोल्डरिंगची सळई घेऊन बसलेला असे. व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्पचं तसंच असतं, वाजवणं एक तास आणि डागडुजी आठवडाभर. त्यामुळे मामा सगळ्या गावाला सांगत आले, 'जावय लायटीच्या कामात आसत.' मी दोनदा खुलासा केला. दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि जाताना पंख्याचा रेग्युलेटर बघायला सांगितला. यंदा मात्र ते आपणहून कुंदाला, माझ्या बायकोला, म्हणाले की एकदा बघूया तरी काय वाजवतात ते. एकोणीस वर्षांनी मिळालेली ही एकच संधी होती, आणि तिच्या तोंडावर अ‍ॅम्प घुंऽऽ करत होता.

अ‍ॅम्पशिवाय वाजव, असं देवव्रत म्हणाला. हल्ली गिटारची वायर थेट नाट्यगृहाच्या साऊंडमध्ये खुपसतात म्हणे. खुपसतात खरे, पण तशी वाजवलेली गिटार म्हणजे मिक्सरमध्ये फिरवून पेल्यातून प्यायलेली पुरणपोळी. सगळं पोटात जातं, पण जेवलो असं वाटत नाही. भाड्याने दुसरा अ‍ॅम्प बघितला, तर लग्नसराईमुळे बोरिवली ते अंधेरी सगळे अ‍ॅम्प कुणाच्या ना कुणाच्या हळदीला गेलेले होते.

दार उघडं ठेवून तपासत बसलो ही माझी पहिली चूक. घुंऽऽ ऐकून शेजारी जमले. समोरचा धवल शेअर बाजारात असल्यामुळे प्रत्येक गोष्टीकडे विकायच्या दृष्टीने बघतो. त्याने हे धूड काढून टाकून मोबाईलमध्ये अ‍ॅप घ्यायला सांगितलं. तळमजल्याच्या सुगंधाताईंनी एक रात्र तांदळात ठेवायला सांगितलं, कारण त्यांच्या नातवाचा फोन तसा बरा झाला होता. एकतीस किलोंच्या अ‍ॅम्पला किती तांदूळ लागतील, असं मी विचारल्यावर त्यांनी गंभीरपणे हिशोब केला आणि कोलमपेक्षा जाडा तांदूळ बरा असं सुचवलं. एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश सामंत आले. सामंतसाहेब महापालिकेच्या कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले आहेत, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी कोणी न विचारता जाहीर केलं की सोसायटीचं अर्थिंग उत्तम आहे, त्याचा दाखला फाइलला आहे, आणि आवाजाचा उगम सभासदाच्या खाजगी मालमत्तेत असल्यामुळे सोसायटी जबाबदार नाही.

शुक्रवारी अ‍ॅम्प साकीनाक्याला न्यायचा ठरला. तिथे भाऊ आहेत. मुंबईत व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प दुरुस्त करणारी जी दोन-तीन माणसं उरली आहेत त्यांतले एक, आणि स्वतःच्या मते एकटेच. चौथ्या मजल्यावरून अ‍ॅम्प लिफ्टने उतरवला. आमच्याकडे पंचवीस किलोंवरचं सामान लिफ्टने नेण्यास लेखी परवानगी लागते, पण नियमात 'वर नेण्यास' असं लिहिलं आहे, त्यामुळे खाली जायला आडकाठी नव्हती. या कलमाचं महत्त्व मला परत आल्यावर कळलं.

भाऊंचा गाळा गल्लीच्या टोकाला आहे आणि शेजारच्या गाळ्यात बिजागऱ्या ठोकायचं प्रेस मशीन आहे. ते धाड धाड असं सकाळपासून चालतं. भाऊंनी अ‍ॅम्प चालू केला, जाळीला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले की आवाज कुठे आहे? मी म्हटलं, घुंऽऽ येतोय. ते म्हणाले, मला तर धाड धाड येतंय. आजार ऐकू आल्याशिवाय मी औषध देत नाही, हे त्यांचं तत्त्व. प्रेस एक वाजता जेवणासाठी थांबतं, तोवर बसा म्हणाले. मी दोन तास बसलो. एक वाजता प्रेस थांबलं, गल्ली शांत झाली आणि अ‍ॅम्पचा घुंऽऽ अगदी स्वच्छ, सुरेल उमटला. पण भाऊही एक वाजताच जेवतात, आणि जेवताना ते मौन पाळतात. मी समोर बसून अ‍ॅम्पकडे बोट दाखवत होतो आणि ते भेंडीची भाजी चावत शांतपणे माझ्याकडे बघत होते. दीडला त्यांनी हात धुतले, कान जाळीला लावला, आणि धाड धाड सुरू झालं.

शेवटी माझी दया येऊन त्यांनी एक कपॅसिटर बदलला, एक व्हॉल्व्ह काढून पुन्हा बसवला आणि वर एक चापट मारली. 'गेला बघा,' म्हणाले. खरोखरच ऐकू येत नव्हता. मी समाधानाने परत आलो. सोसायटीच्या ऑफिसात वायर लावून बघितलं, तर घुंऽऽ. उलट आता मध्येच एक छोटी टिक् अशी भरही पडली होती.

वर न्यायला निघालो, तर लिफ्टच्या दारात सामंतसाहेब. परवानगी हवी. परवानगीसाठी अर्ज. अर्जासोबत वजनाचा दाखला. रद्दीवाल्याच्या काट्याचा दाखला चालतो, पण तो माणूस गावाला गेला होता. चार जिने एकतीस किलो चढवायची माझी ताकद नव्हती, आणि उद्या चारला टेम्पो यायचाच होता. म्हटलं, राहू दे इथेच, ऑफिसात. मी त्यावर काळं कव्हर घातलं आणि अपमान गिळून वर गेलो.

शनिवारी सकाळी मी दार लावून रियाज करत होतो. नव्या तारा, तोच तीन मिनिटांचा तुकडा, पुन्हा पुन्हा. अकराच्या सुमारास कुंदाचा खालून फोन आला. सोसायटीचा वार्षिक सत्यनारायण आहे, मी यायला हवं होतं वगैरे. मग तिने काहीतरी विचारलं. ऑफिसातलं, खोका, घेऊ का, असे शब्द कानावर पडले. मी सोलोच्या सगळ्यात अवघड जागी होतो. मी म्हटलं, 'हो, घ्या.' एकोणीस वर्षांचा संसार असाच चाललेला आहे, ती विचारते आणि मी हो म्हणतो, आणि आजवर त्यात काही बिघडलं नव्हतं.

साडेतीनला तयार होऊन खाली आलो. ऑफिसातला सोसायटीचा चौरंग शेजारच्या सोसायटीने नेला होता आणि तो तीन पायांवर परत आला होता. सुगंधाताईंना बरोब्बर त्याच उंचीचा, चौकोनी, भक्कम खोका दिसला होता. त्यावर आता काळ्या कव्हराऐवजी पिवळं वस्त्र होतं. चार कोपऱ्यांना केळीचे खुंट बांधले होते, त्यातला एक अ‍ॅम्पच्या कडीला. मध्ये पाण्याने भरलेला कलश, कलशावर तांदळाचं ताम्हन, ताम्हनात बाळकृष्ण. भोवती सुपाऱ्या, विडे, तुळस, फुलं. समई तेवत होती. पाचही अध्याय होऊन गेले होते आणि लोक शिरा खात होते. माझ्याही हातावर कुणीतरी शिरा ठेवला. चांगला झाला होता.

मी हळूच म्हटलं, की हा खोका माझा आहे आणि मला तो आता न्यायचा आहे. सगळे माझ्याकडे असे बघू लागले की जणू मी देवाला घर खाली करायची नोटीस दिली. उत्तरपूजा झाल्याशिवाय कलश हलवत नाहीत, हे मलाही माहीत होतं. तर मग उत्तरपूजा आत्ता करा, असं मी म्हटलं. सामंतसाहेबांनी सूचनाफलकाकडे बोट दाखवलं. 'उत्तरपूजा : रविवार, सकाळी नऊ.' खाली शिक्का होता. गुरुजींना फोन लावला, तर ते मालाडला दिवसातल्या सहाव्या पूजेवर होते. दोन मंत्रांच्या मध्ये त्यांनी, मी आल्याशिवाय कलशाला हात लावू नका, एवढं मराठीत सांगितलं आणि पुन्हा संस्कृतात गेले.

मी तातडीची सभा मागितली. कमिटीच्या पाच जणांचा कोरम लागतो, चौघं हजर होते. पाचवा धवल पार्किंगमध्ये फोनवर होता. त्याला आणला. सभा सुरू झाली. प्रथम मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं, त्यात पाण्याच्या टाकीचा विषय निघाला आणि दहा मिनिटं गेली. नंतर माझ्या विषयावर ठराव झाला, की सभासद श्यामसुंदर मयेकर यांच्या अडचणीबद्दल सभेला सहानुभूती आहे. एकमताने. धवलने तर हात दोनदा वर केला. बाहेर टेम्पोवाला विकी हॉर्न वाजवत होता, आणि मी खुर्चीवर मटकन बसलो. मला खरंच रडू येत होतं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन रडताना बरा दिसत नाही, म्हणून मी तो आधी खाली ठेवला.

त्याच वेळी मामा आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, काळी टोपी, खिशात तिकीट. त्यांनी आधी देवाला नमस्कार केला, शिरा घेतला आणि मग मुलीला विचारलं की जावयबापू असे का बसलेत. कुंदाने सगळं सांगितलं. 'हो' मी म्हटलं होतं हेही सांगितलं, ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं. मामा खोक्याभोवती एक फेरी मारून आले.

'देव हलवूचो नसता,' ते म्हणाले.

सामंतसाहेबांनी विजयी मान डोलावली.

'पण देवाचो पाट हलवूक कोण नको म्हणता? आमच्या गावात शिमग्याक देव पालखीत बसान घराघरान फिरता. तेका काय कोण उतरवन ठेयता? देव बसलेलोच रवता, पालखी फिरता. उचला.'

सामंतसाहेबांनी सूचनाफलक वाचला, मग नियमावली चाळली. देवासकट खोका नेण्याला मनाई करणारं कलम कुठेही नव्हतं. त्यांचा चेहरा पडला, पण यजमान तेच असल्याने पूजा सोडून घरी बसणंही शक्य नव्हतं. सामंतवहिनी मात्र खूश झाल्या. त्यांना नाटक-गाण्याला कुणी नेत नाही.

मग आमची मिरवणूक निघाली. चौघांनी अ‍ॅम्प उचलला, पुढे घंटा वाजवत मामा, मागे समईला हाताचा आडोसा करत सामंत दांपत्य, त्यामागे शिऱ्याचं पातेलं घेऊन सुगंधाताई, आणि सगळ्यात शेवटी गिटार घेऊन मी. माझ्या आयुष्यातल्या सर्वात मोठ्या दिवशीसुद्धा माझी जागा मागेच होती. विकीने टेम्पोत चढण्याआधी चपला काढल्या आणि अनवाणी गाडी चालवली. सिग्नलला रिक्षावाले नमस्कार करत होते. एका वाहतूक पोलिसाने आम्हाला पुढे काढलं आणि प्रसाद मागितला.

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने बाहेरचे खाद्यपदार्थ चालत नाहीत असं सांगितलं. सुगंधाताईंनी त्याला, व्यापाऱ्याच्या मुलीने प्रसाद टाकला तेव्हा जहाजाचं काय झालं, ते थोडक्यात सांगितलं. तो अध्याय त्याला ठाऊक होता. त्याने शिरा घेतला आणि दार उघडलं. समईचं मात्र जमलं नाही, आगीच्या नियमामुळे तिच्या जागी बॅटरीवरची मेणबत्ती लावली.

मंचावर देवव्रतने तो सगळा थाट बघितला आणि मला बाजूला घेतलं.

'श्याम, अ‍ॅम्प कुठाय?'

'खाली.'

'कशाच्या खाली?'

मी दाखवलं. त्याने कपाळाला हात लावला, पण तेवढ्यात हात जोडलेही, कारण पडदा वर जात होता.

तो कार्यक्रम मी विसरणार नाही. मंचावर पूजा मांडलेली असल्यामुळे जान्हवी, आमची मुख्य गायिका, उंच टाचांच्या चपला काढून गायली आणि अचानक चार इंच बुटकी झाल्याने माइक तिच्या कपाळाशी आला. उशिरा येणारे प्रेक्षक आधी मंचाला नमस्कार करत, मग आपली खुर्ची शोधत. मला आवाज कमीजास्त करायचा तर बटणं विड्यांच्या मागे होती. सातशे लोकांसमोर थेट हात घालणं बरं दिसेना, म्हणून मी दर वेळी आधी नमस्कार करायचो आणि मग आवाज वाढवायचो. मध्यंतरापर्यंत मी बोरिवलीतला सर्वात भाविक गिटारवादक म्हणून मान्यता पावलो होतो. आणि घुंऽऽ? तो येतच होता. पण पहिल्या रांगेतले एक आजोबा डोळे मिटून त्यात आपला ओंकार मिसळत होते, त्यामुळे ती तक्रार उरली नाही.

मग माझी तीन मिनिटं आली. देवव्रतने नाव पुकारलं. प्रकाशझोत पडला. मी पुढे आलो आणि पहिला सूर लावला, तर मागे खडखडाट. सोलोसाठी आवाज मोठा केला होता, त्यामुळे अ‍ॅम्प थरथरत होता आणि त्याबरोबर ताम्हन वाजत होतं. सुपाऱ्या एकेक करून कडेला सरकत होत्या. कलश दर ठेक्याला केसभर पुढे येत होता. सामंतसाहेब विंगेतून मला थांब म्हणून खुणा करत होते. माझी बोटं अडखळली. संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून मामा उठले. चपला तिथेच सोडून, टोपी सावरत, पायऱ्या चढून ते मंचावर आले, अ‍ॅम्पशेजारी मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी कलश धरला. खडखडाट थांबला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, 'वाजवा.'

आणि मी वाजवलं. बढाई मारत नाही, पण त्या दिवशी चांगलं वाजलं. मला प्रेक्षक दिसत नव्हते, झोतामुळे पुढे सगळा काळोख होता. मला दिसत होते ते फक्त मामा. सुरुवातीला ते कलशाकडे बघत होते. मग माझ्या डाव्या हाताकडे. मग त्यांची मान हलायला लागली, अगदी थोडी. अवघड जागा आली आणि गेली. शेवटचा सूर मी लांबवला, तो केळीच्या पानांतून थरथरत बाहेर आला आणि विरला.

टाळ्या नाहीत. सातशे माणसं हात जोडून बसली होती. पूजेसमोर टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. आयुष्यातला पहिला सोलो, आणि लोक नमस्कार करतायत. मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

आणि मग टाळ्या ऐकू आल्या. एकाच माणसाच्या. जवळून, जोरजोरात, कडक हातांच्या. मामा दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते.

दोन्ही हातांनी, हे माझ्या लक्षात आलं तोवर कलश कलंडला होता. ताम्हनातला बाळकृष्ण सामंतवहिनींनी धावत येऊन पदरात झेलला. पाणी मात्र सगळं वरच्या जाळीतून आत गेलं. आत एक निळा उजेड पडला, फट् असा आवाज झाला, आणि मंचाची वीज गेली. घुंऽऽ थांबला, कायमचा. काळोखात सामंतसाहेब, सोसायटी जबाबदार नाही, असं म्हणताना ऐकू आले. कुणीतरी फ्यूज बघायला धावलं.

मामांच्या टाळ्या चालूच होत्या. बऱ्याच वेळाने थांबल्या.

'थांबलात कित्याक?' ते म्हणाले. 'वाजवा मगे.'

मी खाली बसलो, त्यांच्या शेजारी. म्हटलं, 'मामा, अ‍ॅम्प गेला. आता आवाज नाही येणार.'

'माका ऐकाक येता. वाजवा.'

विजेशिवाय या गिटारचा आवाज जेमतेम हातभर जातो. मामा हातभरावरच होते. मी सोलो पुन्हा पहिल्यापासून वाजवला.